वही एक, प्रती अनेक : खोडदच्या दुर्बिणीची सामायिक विद्या

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल सह्याद्री चढून देशावर येई, तो या वाटेने. घाटमाथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी पडत असत, असे परंपरा सांगते. तेथील लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांच्या काळातील, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. राणी नागनिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या अंकांत नोंदल्या आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासातील हा एक अतिशय जुना पुरावा मानला जातो. परंतु काळाच्या ओघात लेखाचा काही भाग झिजला, कित्येक शब्द कायमचे पुसले गेले. ती नोंद एकाच भिंतीवर होती. तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

त्याच तालुक्याच्या पूर्व भागात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, आजच्या काळातील एक अवाढव्य नोंदवही लिहिली जात आहे. ती आकाशाची वही आहे. तिच्या प्रती जगभर आहेत, आणि त्या वहीतील आकड्यांचा अर्थ कसा लावायचा याची विद्याही आता अनेक हातांत आहे. ही विद्या जपण्याची आणि वाटून घेण्याची जी रीत संगणकशास्त्राने घडवली, तिचा परिचय व्यापारी घराण्यांना उपयोगी पडेल असा आहे; कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

तीस तबकड्या आणि चारशे पस्तीस जोड्या

नारायणगाव म्हटले की टोमॅटोचा बाजार, द्राक्षाचे मळे आणि तमाशाच्या राहुट्या डोळ्यांसमोर येतात. तेथून खोडदच्या दिशेने निघाले की शेतांच्या पलीकडे जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. हीच विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे ‘जीएमआरटी’. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे तिचा कारभार आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वातून ती उभी राहिली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली.

प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३० तबकड्या. त्यांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या आहेत. दक्षिणेकडील भुजा आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पडते. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत प्रकाशतंतूंच्या तारांमधून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तेथे प्रत्येक तबकडीची उरलेल्या प्रत्येक तबकडीशी तुलना होते. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी क्षणोक्षणी, शेकडो लहरींवर आपली नोंद करीत राहते.

म्हणजे या दुर्बिणीतून चित्र बाहेर पडत नाही. बाहेर पडतो तो आकड्यांचा डोंगर. त्या डोंगरातून आकाशाचे चित्र काढणे हे वेगळे काम आहे. प्रथम विजेच्या तारा, मोबाइलचे मनोरे आणि इतर यंत्रे यांनी घातलेला गोंगाट ओळखून तेवढे आकडे बाजूला काढावे लागतात. मग ज्याची तीव्रता आधीच नेमकी ठाऊक आहे अशा एखाद्या तेजस्वी रेडिओ स्रोताकडे पाहून सर्व तबकड्यांचे मोजमाप ताडून घ्यावे लागते. दुकानदार प्रमाणित वजन ठेवून काटा तपासतो, तसाच हा प्रकार. त्यानंतर गणिताने चित्र तयार होते. त्या चित्राच्या आधारे मोजमापातील उरलेली चूक शोधायची आणि पुन्हा चित्र काढायचे, असे फेरे चालतात. या पायऱ्यांचा क्रम चुकला किंवा एका पायरीत हयगय झाली, तर खरा तारा गोंगाटात बुडतो, किंवा गोंगाटच तारा म्हणून मिरवतो.

एका सर्वेक्षणाची गोष्ट

एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात खोडदच्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ या कमी कंप्रतेवर जवळजवळ सर्व दिसणाऱ्या आकाशाचे सर्वेक्षण केले. ‘टीजीएसएस’ या नावाने ते ओळखले जाते. निरीक्षणे दोन हजार तासांहून अधिक होती आणि आकाशाचे ५,३३६ तुकडे त्यांत टिपलेले होते. इतक्या तुकड्यांवर एकेक करून हाताने प्रक्रिया करायची तर माणसांच्या आयुष्यातील किती वर्षे गेली असती, याची कल्पना करता येते. शिवाय या कंप्रतेवर पृथ्वीच्या वातावरणातील वरचा विद्युत्भारित थर चित्र थरथरवतो. तळ्यातील पाण्याखाली पडलेले नाणे हलताना दिसावे, तसे तारे हलतात.

नेदरलँड्सचे खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा यांनी नेमकी ही थरथर काढून टाकण्याची पद्धत संगणकाच्या आज्ञावलीत बांधली होती. ‘स्पॅम’ हे तिचे नाव. संग्रहात जपून ठेवलेली खोडदची मूळ निरीक्षणे घेऊन इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सर्वच्या सर्व या आज्ञावलीतून नव्याने काढली. २०१७ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ९५ टक्क्यांहून अधिक तुकड्यांची चांगली चित्रे मिळाली. एकूण आकाशापैकी ९० टक्के भाग, म्हणजे ३६,९०० चौरस अंश, त्यांत आला आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी सर्वांसाठी खुली झाली.

या गोष्टीतील लक्षात घेण्याजोगा भाग असा. आकडे तेच होते, दुर्बीण तीच होती. आकड्यांचे मोल वाढले ते पद्धत नीट लिहून ठेवलेली असल्यामुळे आणि ती पुन्हा पुन्हा चालवता येत असल्यामुळे. मूळ माल जपणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या मालाचे सोने कसे करायचे याची कृती जपणे महत्त्वाचे.

मुनीमजींच्या डोक्यातील खाते

कृती जपण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या पेढ्यांवर असा अनुभव असे, की रोजमेळ, खतावणी, नावे-जमा सगळे वहीत असले तरी कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती सवलत कशासाठी, कोणती कसर कोणत्या खात्यात टाकायची, हे मुनीमजींच्या डोक्यात असे. मुनीमजी गेले की वही उरे, पण वहीचा अर्थ हरवे. नवा माणूस पहिली दोन वर्षे चाचपडत काढी.

संशोधनसंस्थांतही हेच घडत आले आहे. एखादा विद्यार्थी पीएच.डी. करताना चार-पाच वर्षे खपून आज्ञावली लिहितो. ती त्याच्या संगणकावर असते. पदवी मिळते, तो दुसऱ्या देशी जातो. मागे एक घडी राहते आणि तिच्यात ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फायली असतात. कोणती चालते, कोणत्या फायलीने प्रसिद्ध झालेले चित्र काढले, मधल्या ओळीत तो विशिष्ट आकडा का घातला, हे सांगणारा कोणी उरत नाही. पुढचा विद्यार्थी पहिल्या पायरीपासून आरंभ करतो. यात वेळ जातो, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जुना निष्कर्ष तपासून पाहण्याचा मार्ग बंद होतो.

या दुखण्यावर दोन उपाय एकत्र योजावे लागतात. पहिला म्हणजे कृतीचे असे तुकडे पाडणे, की जे पुन्हा पुन्हा वापरता येतील. दुसरा म्हणजे त्या तुकड्यांचा संपूर्ण इतिहास अनेक ठिकाणी जपणे.

एकदा लिहावे, शंभरदा वापरावे

पहिल्या उपायाला संगणकशास्त्रात ‘अमूर्तीकरण’ म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना बाजारातील आहे. टोमॅटोची पट्टी करताना एकूण विक्रीतून हमाली, तोलाई इत्यादी खर्च नियमाप्रमाणे मांडले जातात. कांद्याची पट्टी करतानाही रीत तीच. मालाचे नाव, वजन, भाव आणि दर तेवढे बदलतात. जे बदलत नाही ते एकदाच लिहायचे, जे बदलते त्यासाठी रिकामी जागा ठेवायची आणि या साच्याला एक नाव द्यायचे. मग ‘पट्टी कर’ एवढे सांगितले की पुरे. आतला हिशोब दरवेळी नव्याने लिहावा लागत नाही.

साच्याचा खरा लाभ नियम बदलतो तेव्हा कळतो. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले. ज्याच्या संगणकात हा नियम पन्नास ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला असेल, त्याला पन्नास दुरुस्त्या कराव्या लागतात आणि एक तरी राहून जाते. ज्याच्याकडे नियम एकाच साच्यात असेल, त्याची एक दुरुस्ती सर्वत्र लागू होते.

गोंगाट काढणे, काटा तपासणे, चित्र काढणे या खोडदच्या पायऱ्याही अशाच साच्यांत बसवता येतात. पण साचा अनेकजण वापरू लागले की नवा प्रश्न उभा राहतो. पुण्यातील एकाने साच्यात सुधारणा केली, त्याच आठवड्यात नेदरलँड्समधील दुसऱ्याने वेगळी सुधारणा केली. खरा साचा कोणता? येथे दुसरा उपाय कामास येतो.

दहा दिवसांत रचलेली वही

आज्ञावलीत कोणी, केव्हा, काय बदल केला याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्था जुन्या आहेत; १९७० च्या दशकापासून त्या प्रचारात होत्या. त्यांपैकी बहुतेकांत मूळ वही एकाच मध्यवर्ती संगणकावर असे. इतरांनी तेथून कागद न्यावा, लिहावे आणि परत आणून द्यावे. मध्यवर्ती संगणक बंद पडला की सर्वांचे काम थांबे, आणि तो बिघडला की इतिहास धोक्यात येई.

लिनक्स या जगप्रसिद्ध खुल्या प्रणालीचे काम करणारे शेकडो प्रोग्रामर ‘बिटकीपर’ नावाच्या एका खाजगी कंपनीच्या साधनाने आपली नोंद ठेवीत. २००५ मध्ये त्याचा मोफत परवाना काढून घेण्यात आला. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. काही दिवसांतच ते साधन स्वतःच्याच बदलांची नोंद स्वतः ठेवू लागले. त्याचे नाव ‘गिट’. त्याच वर्षी जुलैत त्याची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे आली. आज जगातील बहुतेक आज्ञावली याच साधनाने जपल्या जातात. त्याच एप्रिलमध्ये मॅट मॅकॉल यांनी ‘मर्क्युरिअल’ हे याच जातीचे दुसरे साधन सुरू केले.

गिटची रचना वहीच्या भाषेत सांगता येते. काम एका टप्प्याला आले की त्या क्षणीच्या सर्व फायलींची एक नोंद करायची. तिला ‘कमिट’ म्हणतात. नोंदीत करणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि बदल कशासाठी केला याचा खुलासा असतो. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली चाळीस अक्षरांची एक खूण मिळते आणि त्या खुणेच्या हिशोबात आधीच्या नोंदीची खूणही धरलेली असते. त्यामुळे जुन्या नोंदीतील एक स्वल्पविराम जरी मागाहून बदलला, तरी तेथून पुढील सर्व खुणा बदलतात आणि फेरफार उघडा पडतो. शिलकेचा आकडा मागील पानावरून पुढील पानावर ओढत नेला की मधले पान कोणी गुपचूप बदलू शकत नाही, तसेच हे आहे.

चुकीची नोंद झाली तर? चांगल्या पेढीवर खाडाखोड करीत नाहीत, उलट नोंद टाकतात. गिटमध्येही सामायिक झालेली नोंद पुसण्याऐवजी ती रद्द करणारी नवी नोंद टाकण्याची रीत आहे. चूक राहते, दुरुस्तीही राहते, आणि दोन्हींवरून पुढचा माणूस शिकतो.

‘विकेंद्रित’ हा या साधनाचा प्राण. जो ही वही घेतो, त्याला आजचे पान मिळते आणि पहिल्या दिवसापासूनची सर्व पानेही मिळतात. या पूर्ण प्रतीला ‘क्लोन’ म्हणतात. मग जाळे असो वा नसो, आगगाडीत असो वा गावी, तो आपल्या प्रतीत नोंदी करू शकतो. प्रयोग करायचा असेल तर मूळ प्रवाहाला धक्का न लावता वेगळी ‘ब्रांच’, म्हणजे शाखा काढतो. शाखेतील काम चांगले ठरले तर ते मूळ प्रवाहात मिळवण्याची विनंती करतो. वही सांभाळणारा ते तपासतो, शंका विचारतो आणि पटल्यास मिळवून घेतो. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले असतील तर साधन तेथेच थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते. पुण्यातील आणि नेदरलँड्समधील सुधारणांचा मघाचा पेच असा सुटतो. कोणाची कोणती ओळ, हे वहीत नावानिशी राहते.

खोडदच्या आकड्यांसाठी सामायिक साचे

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी २०२१ मध्ये ‘कॅप्चर’ नावाची आज्ञावली शोधनिबंधासह प्रसिद्ध केली. खोडदच्या दुर्बिणीचे आकडे घेऊन त्यांतून चित्र काढण्याची पूर्ण वाट तिच्यात बांधलेली आहे. ती ‘पायथन’ या भाषेत आहे आणि तिच्या पोटात ‘कासा’ हे रेडिओ खगोलशास्त्रातील जगन्मान्य साधनसंच वापरला आहे. कासाचे मुख्य काम अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत चालते. म्हणजे कॅप्चरच्या कर्त्यांनी चित्र काढण्याचे गणित नव्याने लिहिले नाही. दुसऱ्यांनी घडवलेले साचे घेतले आणि खोडदच्या दुर्बिणीच्या स्वभावाला अनुसरून ते योग्य क्रमाने ओवले. वापरणाऱ्याने एका छोट्या फायलीत आपले पर्याय भरायचे: आकडे कोठे आहेत, कोणत्या पायऱ्या हव्यात, कोणत्या गाळायच्या. उरलेली वाट आज्ञावली चालते.

ही आज्ञावली गिटमध्ये ठेवलेली असून ‘गिटहब’ या संकेतस्थळावर कोणालाही मिळते. कासाची नवी, सहावी आवृत्ती आली, तेव्हा तिच्याशी जुळणारी कॅप्चरची आवृत्तीही तेथे आली आणि जुनी आवृत्तीही राहिली. त्यामुळे पूर्वी जुन्या आवृत्तीने काढलेला निष्कर्ष आजही त्याच कृतीने तपासता येतो.

दुसरे उदाहरण स्पंदक ताऱ्यांचे. हे तारे अत्यंत नियमित टिकटिक करणाऱ्या घड्याळांसारखे असतात. त्यांच्या ठेक्यात वर्षानुवर्षे पडणारा अतिसूक्ष्म फरक मोजून गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारा भारतीय गट खोडदच्या दुर्बिणीचा उपयोग करतो. त्या गटाने २०२१ मध्ये ‘पिंटा’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्यातही इतरांचे साचे आहेत. ठरावीक ठेक्याने येणारा गोंगाट, उदाहरणार्थ विजेच्या तारांतून येणारा, वेगळा काढण्यासाठी योगेश मान आणि सहकाऱ्यांनी घडवलेली ‘आरएफआयक्लीन’ आहे. स्पंदकाचा संकेत उलगडण्यासाठी ऑस्ट्रेलियात वाढलेली ‘डीएसपीएसआर’ आहे. २९ जून २०२३ रोजी भारतीय आणि युरोपीय गटांनी संयुक्त अभ्यासातून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांचे निष्कर्षही आले. अनेक दुर्बिणींचे वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र करायचे म्हणजे प्रत्येकाने आपले आकडे कसे शुद्ध केले हे दुसऱ्याला स्पष्ट दिसले पाहिजे. वही उघडी असल्यावाचून अशी भागीदारी टिकत नाही.

या दुर्बिणीसाठी परिसराने काही सोसलेही आहे. गोंगाट वाढू नये म्हणून आजूबाजूच्या उद्योगांवर मर्यादा आहेत; पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही तिचा विचार करावा लागला. ज्या शांततेची किंमत जुन्नर-आंबेगावने मोजली, तिच्यातून मिळालेले आकडे वाया न जाता पिढ्यान्पिढ्या उपयोगी पडावेत, यासाठी या सामायिक वह्यांचे मोल अधिक.

विश्वास ठेवावा, पण तेरीज जुळवावी

कोणत्याही साधनाप्रमाणे याचेही पथ्य आहे. साचा दुसऱ्याचा घेतला की त्याच्यावर अवलंबून राहावे लागते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक साचा त्याच्या कर्त्याने सार्वजनिक कोठारातून काढून घेतला आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांचे काम काही तास अडले. एवढे मोठे उद्योग इतक्या लहान तुकड्यावर उभे आहेत, हे अनेकांना तेव्हाच समजले.

मार्च २०२४ मधील घटना अधिक बोलकी आहे. ‘एक्सझेड’ या फायली लहान करणाऱ्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी दोन-एक वर्षे विश्वास संपादन करून शेवटी चोरवाट बसवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. शोध घेत गेले आणि चोरवाट सापडली. तेरजेत एका पैशाचा फरक आला म्हणून रात्रभर खाती तपासणारा मुनीम या गोष्टीत सहज ओळखू यावा. नोंदवही फेरफार दाखवू शकते. ती वाचणारे डोळे मात्र माणसाचेच लागतात.

आणखी काही पथ्ये आहेत. परवाना लिहिलेला नसेल तर उघड दिसणारी आज्ञावलीही मोफत वापरण्याची मुभा आहे असे समजू नये. पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती अशा वहीत कधीही टाकू नये. एकदा टाकलेली नोंद सर्व प्रतींत पोहोचते, आणि मागाहून पुसणे जवळजवळ अशक्य होते. अवजड आकडे वेगळ्या कोठारात ठेवावे. गिट कृतीसाठी आहे, मालासाठी नाही. गिटहब ही मायक्रोसॉफ्टच्या मालकीची पेढी आहे, याचेही भान असावे. तिच्यावर ठेवलेल्या वहीची एक पूर्ण प्रत आपल्या घरी असली, म्हणजे ती पेढी उद्या बंद झाली तरी इतिहास आपल्याकडे राहतो.

पेढीपर्यंत आलेली गोष्ट

हे सारे शास्त्रज्ञांपुरते आहे असे नाही. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने घडवलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यापाराची आज्ञावली याच रीतीने वाढली. खरेदी, विक्री, साठा आणि हिशोब यांचे साचे तिच्यात आहेत. मूळ कोड खुला आहे. भारतातील वस्तू व सेवा कराचे नियम सांभाळणारा स्वतंत्र जोडभागही खुलाच आहे. दर बदलला की दुरुस्ती एका ठिकाणी होते. ती कोणी केली आणि का केली हे वहीत दिसते, आणि वापरणारे ती आपल्याकडे ओढून घेतात.

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकत आहे, त्या घरी याचा आरंभ लहानशा गोष्टीने करता येईल. दुकानाच्या संगणकावर पट्टी, उधारीचे व्याज किंवा साठ्याचा तक्ता यांसाठी कोणीतरी कधीतरी सूत्रे लिहिलेली असतात. ती कोणत्या नियमाने चालतात हे वडीलधाऱ्यांना विचारून साध्या फायलींत लिहावे. बदलणारे दर वेगळे काढावेत. त्या फायलींची गिटमध्ये नोंद ठेवावी आणि प्रत्येक बदलासोबत एक वाक्य लिहावे: हा बदल का केला. एक प्रत दुकानी, एक घरी, एक परगावी असलेल्या भावाकडे. वडिलांनी नियम सांगावा, मुलीने तो लिहावा, आणि पुढल्या वर्षी नियम बदलला की दोघांनी मिळून नवी नोंद करावी. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घराला ही शिस्त नवी वाटू नये.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांना पाहण्यासाठी खुली होते आणि परिसरातील शाळांची मुले आपले प्रयोग मांडतात. त्या दिवशी मुलांना घेऊन जावे. तबकड्या तर पाहाव्यातच. पण या तबकड्यांनी टिपलेल्या आकड्यांचे चित्र कसे काढतात, ती कृती कोठे लिहिलेली आहे आणि ती आपल्यालाही मिळेल का, हेही मुलांनी विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ‘मिळेल’ असे आहे. नाणेघाटाच्या भिंतीवरील झिजलेले शब्द आता परत येणार नाहीत. खोडदच्या वहीचे तसे होऊ नये, याची सोय मात्र झाली आहे, आणि तिची एक प्रत जुन्नर-आंबेगावातील एखाद्या घरीही ठेवता येते.